बिस द क्लाव्हो

बिस द क्लाव्हो हा स्वित्झर्लंडच्या व्हॅले कँटनमधील (प्रांतातील), सियों या कँटनच्या राजधानीच्या शहरावरच्या डोंगरउतारावरून वाहणारा पंधराव्या शतकातील सिंचनाचा पाट आहे. त्याच्या काठाने जाणारी पाऊलवाट त्या भागातील सर्वांत सोप्या आणि लोकप्रिय वाटांपैकी एक मानली जाते. पाट १४५३ मध्ये बांधला गेला. तो सँ-लेओनार गावाच्या वर, लिएन नदीच्या घळीत सुरू होतो आणि ऱ्होन नदीच्या उजव्या तीरावरील दक्षिणाभिमुख उतार धरून पश्चिमेकडे सियोंपर्यंत येतो. चालण्याचे अंतर सुमारे ८ किलोमीटर असून साधारण पायाच्या माणसाला अडीच तास पुरतात. हा पाट म्हणजे जपून ठेवलेला जुना अवशेष नव्हे. त्याचे पाणी आजही द्राक्षमळ्यांना दिले जाते.

आल्प्समध्ये पाण्याची टंचाई असावी हे ऐकून नवल वाटते, पण व्हॅलेचे हवामान समजल्याशिवाय या पाटाचे प्रयोजन कळत नाही. ऱ्होनच्या खोऱ्याला उत्तरेकडे बर्नी आल्प्स आणि दक्षिणेकडे पेनाइन आल्प्स यांच्या उंच रांगांनी वेढलेले आहे. दोन्ही बाजूंनी येणारे ढग या रांगांवरच बरसतात आणि खोऱ्याच्या तळाशी असलेल्या सियोंला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर एवढेच पर्जन्य मिळते. त्यातच ऊन कडक आणि फॉन नावाचा कोरडा, उष्ण वारा. शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या व्हालेर व तुर्बियों या दोन टेकड्यांवर निवडुंग रानोमाळ वाढतो, एवढ्यावरून या कोरडेपणाची कल्पना यावी. मात्र माथ्यावरचे बर्फ नेमके उन्हाळ्यात, म्हणजे शेताला पाणी हवे असते तेव्हाच वितळते. ते पाणी खोल घळींतून थेट ऱ्होनला मिळण्याआधी वरच्या वर अडवायचे आणि उताराला समांतर वळवून आणायचे, हीच या सगळ्या पाटांमागची युक्ती होय. व्हॅलेच्या फ्रेंचभाषक भागात अशा पाटांना ‘बिस’ म्हणतात, तर जर्मनभाषक भागात ‘झुओने’.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि मध्यास व्हॅलेमध्ये असे अनेक पाट एकामागून एक खोदले गेले. याच लिएनच्या खोऱ्यात वरच्या अंगाला असलेला आयाँचा पाट १४४२ चा आहे. इतिहासकार याचे कारण चौदाव्या शतकातील प्लेगनंतरच्या बदलांत शोधतात. लोकसंख्या घटल्यामुळे धान्याची गरज कमी झाली आणि उत्तर इटलीतील शहरांतून मांसाला मागणी वाढली, तेव्हा धान्यशेती व मेंढपाळीऐवजी गुरे पाळणे फायद्याचे ठरले. गुरांना हिवाळाभर पुरेल एवढे गवत हवे आणि कोरड्या उतारावर गवत पाण्यावाचून येत नाही. आज द्राक्षवेलींमधून वाहणारा क्लाव्होचा पाट मुळात गवताच्या कुरणांसाठी काढला गेला होता, ही गोष्ट वाट चालणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. या उतारांवर द्राक्षांचा मोठा विस्तार झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६० मध्ये सियोंपर्यंत रेल्वे पोहोचली आणि वाइनला दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या.

पाट बांधणाऱ्यांसमोरचा खरा प्रश्न उताराचा होता. उतार जास्त झाला तर पाणी काठ आणि तळ खरवडून नेते. कमी झाला तर गाळ साचतो आणि पाणी तुंबते. म्हणून डोंगराच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत, प्रत्येक ओहोळाच्या पोटात शिरून पुन्हा बाहेर पडत, पाटाला अत्यंत मंद उतार द्यावा लागतो. ही वाट सोपी का, याचे उत्तरही यातच आहे. ती पर्यटकांसाठी आखलेली नव्हती. पाटावर देखरेख करणाऱ्या पाटकऱ्याला रोज फेरी मारता यावी म्हणून काठाचा पट्टा मोकळा ठेवलेला असे, आणि पाण्याला जो उतार मानवतो तो माणसाच्या गुडघ्यांनाही मानवतो. घळीच्या तोंडाशी कडा तुटलेला आणि जागा अरुंद आहे. मळ्यांच्या भागात मात्र पाट हातभर रुंदीचा होऊन भिंतीच्या कडेने संथ वाहतो.

पाटकऱ्याचे काम वर्षाचे होते. वसंतात पाणी सोडण्यापूर्वी हिवाळ्यात कोसळलेले दगड आणि पाला काढणे, गळती बुजवणे, आणि पाणी सुरू झाल्यावर ते कोठे अडले तर नाही ना यावर डोळा ठेवणे, हे त्याच्याकडे असे. व्हॅलेच्या अनेक पाटांवर यासाठी एक साधे यंत्र बसवलेले असे. पाटाच्या प्रवाहावर फिरणारे लहानसे लाकडी चाक दर फेऱ्याला एक हातोडा उचलून फळीवर आपटते. ठोक्यांचा आवाज येत आहे तोवर पाणी वाहते आहे. आवाज थांबला की पाटकऱ्याने रात्री-अपरात्रीही कंदील घेऊन निघायचे. मळ्याकडे पाणी वळवण्यासाठी प्रवाहात आडवी फळी किंवा पत्रा खोवून पाण्याची पातळी चढवली जाई आणि काठातील दार उघडले जाई.

पाण्याची वाटणी लाभधारकांचा संघ करीत असे. पाण्याचा हक्क जमिनीशी निगडित असून प्रत्येकाच्या पाळीचे तास ठरलेले होते. व्हॅलेमध्ये हे हक्क लाकडी पट्ट्यांवर कोरून ठेवण्याची पद्धत होती: पट्टीच्या एका बाजूला कुटुंबाचे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या वाट्याच्या वेळेच्या खाचा. हक्काबरोबर दुरुस्तीच्या कामाचा वाटाही येई. युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडसह सात युरोपीय देशांतील पारंपरिक सिंचनाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेही केवळ पाटांच्या बांधकामाला नव्हे, तर त्यामागचे ज्ञान, तंत्र आणि संघटन यांना.

लिएन नदीवर वरच्या अंगाला त्स्यूझिए येथे १५६ मीटर उंचीचे कमानी धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले आणि नदीचा प्रवाह वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाशी जोडला गेला. १९७८ मध्ये जवळच प्रस्तावित महामार्ग-बोगद्यासाठी खोदलेल्या चाचणी-भुयारात डोंगराच्या पोटातील पाणी झिरपून गेले, जमीन खचली, धरणाला तडे गेले आणि जलाशय रिकामा करावा लागला. या खोऱ्यात डोंगराच्या आतले पाणीही किती महत्त्वाचे आहे, ते त्या वेळी दिसून आले.

वाटेवरचे सर्वांत लक्षणीय दृश्य म्हणजे चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती. तीव्र उतारावर मातीचे अरुंद पट्टे धरून ठेवण्यासाठी उभारलेल्या या भिंती काही ठिकाणी एखाद्या किल्ल्याच्या तटासारख्या उंच झाल्या आहेत. भिंतीतून बाहेर काढलेले सुटे दगड हेच वरच्या पट्ट्यावर जाण्याचे जिने. दिवसा तापलेले दगड रात्री वेलींना ऊब देतात आणि त्यांच्या फटींत पाली-सरडे राहतात. फाँदाँ या नावाने विकली जाणारी पांढरी वाइन येथील शासला द्राक्षांपासून होते. मळ्यांत अवजारे ठेवण्यासाठी आणि विसाव्यासाठी बांधलेल्या खोपींपैकी काही आता खानपानाच्या जागा झाल्या आहेत. खाली संपूर्ण ऱ्होन खोरे दिसते आणि वाटेच्या उत्तरार्धात व्हालेरचे तटबंदीयुक्त चर्च व १७८८ च्या आगीत जळालेला तुर्बियोंचा किल्ला समोर येतात.

सँ-लेओनार आणि सियों ही दोन्ही ठिकाणे एकाच रेल्वेमार्गावर असल्याने वाट एका टोकाला सुरू करून दुसऱ्या टोकाला संपवता येते. पाण्याच्या दिशेने, म्हणजे सँ-लेओनारहून चालणे अधिक सोयीचे, कारण दमवणारा चढ गावापासून पाटापर्यंतच आहे आणि तो आरंभीच संपतो. चालण्यापूर्वी वेळ असल्यास गावातील भूमिगत तलाव पाहता येतो; १९४३ मध्ये प्रथम शोधलेला हा सुमारे ३०० मीटर लांबीचा तलाव होडीतून फिरून पाहतात. मळ्यांच्या पट्ट्यात सावली जवळपास नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी लवकर निघावे. एप्रिल-मे आणि द्राक्षतोडणीचा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. लहान मुलांना घळीच्या भागात आणि उंच भिंतींच्या कडेला हाताशी धरूनच न्यावे. हिवाळ्यात पाट कोरडा असतो. पाण्याच्या हंगामात काठावरच्या फळ्यांना व दारांना हात लावू नये, कारण त्यामागे कोणाची तरी पाळी चालू असते.