मूत्रपिंड प्रतिरोपणानंतरचे दीर्घकालीन प्रतिरक्षादमन

प्रतिरोपित मूत्रपिंड शरीराने परके म्हणून नाकारू नये यासाठी, ते काम करीत असेपर्यंत रोज घ्यावी लागणारी औषधयोजना. एकबीज जुळ्यांमध्ये तिची गरज जवळजवळ पडत नाही. जोसेफ मरी यांनी १९५४ मध्ये बॉस्टन येथे केलेले पहिले यशस्वी प्रतिरोपण अशाच जुळ्या भावांमधील होते. इतरांसाठी १९६० च्या दशकात ॲझाथायोप्रीन आणि स्टेरॉइड ही जोडी रूढ झाली.

सायक्लोस्पोरीन हे औषध ज्या बुरशीपासून मिळाले तिचा नमुना नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावरच्या मातीत सापडला. ती माती बाझेलच्या सँडोझ कंपनीकडे १९६९ किंवा १९७० च्या सुमारास पोहोचली असावी. औषधाचा प्रतिरक्षादमक गुण १९७२ च्या आरंभी लक्षात आला. मात्र शोधाचे श्रेय कोणाचे, हा वाद पुढे बराच रंगला. अनेक लेखनांत ते सँडोझमधील संशोधक झां-फ्रान्स्वा बोरेल या एकट्यांना दिले जाते. ज्या चाळणी-चाचणीत (अनेक पदार्थांतून उपयोगी पदार्थ निवडण्याच्या तपासणीत) हा गुण प्रथम दिसला ती त्याच कंपनीतील हार्टमान श्टेहेलिन यांच्या विभागात आखलेली होती, आणि बोरेल यांचे मोठे काम त्यानंतरच्या प्रयोगांचे होते; त्यामुळे श्रेय दोघांचे मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. शल्यविशारद रॉय कॅल्न यांनी १९७८ मध्ये केंब्रिज येथे सायक्लोस्पोरीन रुग्णांना प्रथम दिले. जपानमधील त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याच्या मातीतील जीवाणूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस हे दुसरे प्रतिरक्षादमक औषध मिळाले.

आज बहुतेक ठिकाणी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि अल्प मात्रेतील स्टेरॉइड ही त्रयी पहिली निवड असते. १,६४५ रुग्णांवरील आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वेगवेगळ्या औषधयोजनांची तुलना करणाऱ्या सिंफनी चाचणीत कमी मात्रेतील टॅक्रोलिमसच्या गटात मूत्रपिंडाचे कार्य सर्वांत चांगले राहिले व अस्वीकाराचे प्रसंगही सर्वांत कमी आढळले. तरीही टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरीन ही दोन्ही औषधे ज्या मूत्रपिंडाला जपतात त्यालाच कालांतराने इजा करू शकतात, आणि दीर्घकालीन निवडीतील खरा पेच हाच आहे. टॅक्रोलिमसने हात थरथरतात, नव्याने मधुमेह उद्भवू शकतो. सायक्लोस्पोरिनाने हिरड्या सुजून वाढतात व अंगावर केस वाढतात, ज्याचा त्रास तरुण मुलींना फार होतो आणि तो किरकोळ समजणे योग्य नाही. गर्भधारणेचा विचार असल्यास मायकोफेनोलेट किमान सहा आठवडे आधी थांबवून ॲझाथायोप्रीन देतात. त्वचेचा कर्करोग वारंवार होणाऱ्यांना सिरोलिमस या दुसऱ्या प्रतिरक्षादमक औषधावर नेण्याचा विचार होतो. मात्र लघवीतून प्रथिने जात असल्यास ते टाळणे बरे. शिरेतून द्यावयाचे बेलाटासेप्ट मूत्रपिंडाला इजा करीत नाही, पण ते एपस्टाईन-बार विषाणूचा संसर्ग पूर्वी होऊन गेलेल्यांनाच देता येते.

टॅक्रोलिमसची मात्रा त्याच्या रक्तातील पातळीवरून ठरते. रुग्णांच्या बोलण्यातली ‘टॅक्रो लेव्हल’ सकाळच्या गोळीआधी तपासतात. म्हणून रुग्ण गोळी खिशात ठेवूनच प्रयोगशाळेत येतो, रक्त देतो आणि मगच ती घेतो. डिल्टियाझेम या रक्तदाबावरील औषधाने ही पातळी वाढते, म्हणून टॅक्रोलिमसची कमी मात्रा पुरते. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी भारतात या गुणाचा मुद्दाम उपयोग केला गेला आहे. उलट रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील औषधामुळे ती पातळी इतकी घसरते की अस्वीकाराचा धोका उभा राहतो. आपल्याकडे प्रतिरोपणानंतर क्षयरोग होणारे रुग्ण कमी नाहीत. अशा वेळी रिफाम्पिसिन वगळून अन्य क्षयरोधक औषधे योजतात, किंवा टॅक्रोलिमसची मात्रा बरीच वाढवून पातळी पुन्हापुन्हा तपासतात, आणि क्षयाचा उपचार संपताच ती मात्रा तितक्याच काळजीने खाली आणतात.