हैदराबाद कंटिन्जंट

हैदराबाद कंटिन्जंट : निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणारी फौज. एकोणिसाव्या शतकात औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई), एलिचपूर (अचलपूर) व बोलारम ही तिची प्रमुख ठाणी होती. शेजाऱ्यांशी असलेले संबंध मुत्सद्द्यांऐवजी पलटणींच्या भरवशावर सोडले की राज्याचा खजिना आणि मुलूख कसा हातचा जातो, याचे मराठवाड्यातले हे सर्वांत ठळक उदाहरण.

तैनाती फौज आणि कंटिन्जंट यांची गल्लत नेहमी होते. तैनाती फौज, म्हणजे तहाने निजामाच्या राज्यात ठेवलेली फौज, ईस्ट इंडिया कंपनीची स्वतःची. जालन्याची छावणी तिची. खर्ड्याच्या लढाईत (मार्च १७९५) कंपनी तटस्थ राहिली व निजामअलीला मराठ्यांपुढे हार खावी लागली. त्याने मग रेमंड या फ्रेंच सेनानीच्या पलटणी वाढवल्या. १७९८ मध्ये रेमंड वारला. त्याच वर्षी १ सप्टेंबरच्या तहाने या पलटणी मोडून कंपनीच्या सहा पलटणी ठेवण्याचे ठरले. खर्च सालीना २४,१७,१०० रुपये. १८०० च्या तहाने पलटणी वाढल्या आणि रोकडीऐवजी बल्लारी, कडप्पा हा टिपूकडून मिळालेला मुलूख कंपनीला कायमचा तोडून दिला गेला. कंपनीला न कळवता कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, हे कलमही त्याच तहातले. संरक्षणाची किंमत अशी एकदा जमिनीने चुकती झाली होती. कंटिन्जंटचा खर्च हा त्यावरचा.

युद्ध झाल्यास निजामाने ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ मदतीला द्यावे, एवढेच १८०० चा तह सांगतो. शांततेत कायम फौज ठेवण्याचे बंधन त्यात नव्हते, आणि पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीनेही हे लेखी मान्य केले. तरीही निजामाच्या दरबारातील कंपनीचा वकील (रेसिडेंट) हेन्री रसेल याने (१८११–२०) राज्याचा कारभार पाहणाऱ्या पेशकार चंदूलालच्या संमतीने ‘रसेल ब्रिगेड’ उभी केली. कंटिन्जंट वाढली ती याच ब्रिगेडभोवती. तिचा खर्च वर्षाला सुमारे ४० लाखांवर गेला. तिचा उपयोग बहुतेक घरातच झाला. जानेवारी १८१९ मध्ये नांदेड भागातील नाव्ह्याची गढी तिने नोवसाजी नाईकाच्या हटकर जमातीच्या लोकांकडून घेतली.

खरी मेख पैशाच्या चालीत होती. पगार दरमहा रोख द्यायचा. वसूल मात्र खरीप-रब्बीचा, तोही पाऊस झाला तर. मधली तूट चंदूलाल सावकारी कर्जाने भरी आणि त्यापोटी तालुके लावून देई. तालुका इजाऱ्याने (वसुलाच्या मक्त्याने), सर्वांत चढी बोली लावणाऱ्याला मिळे. उद्या कुणी जास्त बोली लावली तर तो हातचा जाणार, म्हणून इजारदार हाती असेतो ओरबाडून घेई. रयत गाव सोडून जाई, पुढच्या साली वसूल आणखी घटे, कर्ज आणखी वाढे.

हैदराबादच्या पामर कंपनी या सावकारी पेढीचे व्याज शेकडा २४ च्या घरात होते. १८२३ मध्ये तिचे देणे भागवण्यासाठी उत्तर सरकार प्रांताबद्दल इंग्रजांकडून येणारी वर्षाची ७ लाखांची पेशकश (खंडणी) निजामाने १,१६,६६,६६६ रुपये एकरकमी घेऊन कायमची सोडली. पुढचे मोठे सावकार पेस्तनजी मेहेरजी. कर्जापोटी त्यांच्याकडे वऱ्हाडचा व बालाघाटचा वसूल होता आणि औरंगाबादच्या टांकसाळीत ‘पेस्तनशाही’ रुपया पडत होता. राज्याचे नाणे सावकाराच्या नावाने ओळखले जावे, यावरून खजिन्याची अवस्था समजावी. शिवाय निजामाची स्वतःची अरब शिबंदी (भाडोत्री फौज) वेगळीच होती. तिचे जमादारही सरकारला कर्ज देत व तालुके गहाण घेत.

चंदूलाल १८४३ मध्ये पायउतार झाल्यावर पगार थकू लागले. कंपनी ते आपल्या तिजोरीतून देई आणि व्याजासह निजामाच्या नावे मांडी. मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे सुमारे ५० लाख वसुलाचे मुलूख इंग्रजांकडे गेले. त्यातून किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व ४ तोफखाने पोसायचे होते. फौज निजामाची असल्याचा देखावाही या तहाने संपला.

जून १८५७ मध्ये औरंगाबादेतील कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळाने उठाव केला. आपल्याला संस्थानाबाहेर, दिल्लीकडे लढायला नेणार, ही भीती त्यामागे होती. उठाव मोडल्यावर शिपायांना देहदंड दिला ती काळा चबुतऱ्याची जागा आजच्या क्रांती चौकात दाखवतात. इंग्रजांच्या बाजूने राहिल्याबद्दल १८६० मध्ये निजामाला धाराशिव व रायचूर परत मिळाले, ५० लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र अडकून राहिला. अमेरिकेतील यादवी युद्धाने तिथल्या कापसाला भाव आला, वसूल वाढला, आणि वाढावा कारभाराच्या खर्चात जिरला. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख ठेव देतो, मुलूख परत द्या, ही निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांची मागणी १८७० च्या दशकात फेटाळली गेली.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड सालीना २५ लाखांच्या कायम पट्ट्यावर घेतला. १९०३ मध्ये कंटिन्जंटची पथके भारतीय लष्करात मिसळली व हिंगोलीचे ठाणे उठले. ज्या फौजेसाठी वऱ्हाड लावून दिला ती राहिली नाही, पट्टा तसाच चालू राहिला.