सुरतेहून गावी परतलेल्या ज्येष्ठांसाठी: श्रावणबाळ पेन्शन, पात्रता, कागदपत्रं आणि त्याआधीची कामं

धुळे, नंदुरबार, जळगावातली कितीतरी माणसं उमेदीत ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला गेली. उधना, लिंबायत, डिंडोलीत संसार केला, यंत्रमागावर राबली. आता गुडघे गेले म्हणून ती गावी परततात. तहसीलच्या संजय गांधी शाखेत (अशा पेन्शनचे अर्ज इथेच पाहतात) पहिलाच प्रश्न येतो, "आधारवर पत्ता गुजरातचा कसा?" "सुरतले व्हतू" एवढ्यावर कारकुनाचं समाधान होत नाही. त्यामुळे पेन्शनचा फॉर्म नंतर, आधी पत्ता.

गावात स्वतःच्या नावावर घर नसलं तरी अडत नाही. मुलगा किंवा मुलगी गावात राहत असेल, तर त्यांना कुटुंबप्रमुख दाखवून त्यांच्या आधारवरचा पत्ता आई-वडिलांना घेता येतो. नात्याचा कागद किंवा विहित नमुन्यातलं स्वयंघोषणापत्र लागतं, आणि मुलाने तीस दिवसांच्या आत ऑनलाइन संमती द्यायची. ती राहून गेली की अर्ज बाद. त्याच फेरीत केंद्रावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅनही नव्याने करून घ्या. मागावर झिजलेली बोटं रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत, मग पिशवी रिकामी घेऊन परत यावं लागतं. जन्मतारीखही तपासा. अनेकांच्या आधारवर सरसकट 1 जानेवारी पडलेली असते आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळीच. दुरुस्ती साधारण एकदाच होते, म्हणून दाखला हातात घेऊनच जा.

रेशन कार्ड सुरतेचं असेल तर नाव कमी केल्याचा दाखला तिथूनच आणा. इथे तो मिळणार नाही. कार्ड अन्नसुरक्षेतलं असेल तर तोवर त्याच कार्डावर गावच्या दुकानातून धान्य घेता येतं. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म 8 भरायचा.

आता श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. वय 65 पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचं वास्तव्य. महिना 1,500 रुपये थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. (21,000 म्हणजे महिन्याला 1,750. आजच्या महागाईत ही मर्यादा कोणी जपून ठेवली आहे कोण जाणे!) परतलेल्यांचं घोडं अडतं ते 15 वर्षांपाशी. यासाठी गावचे जुने कागद शोधा: शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, जुनी मतदार यादी, जुनं रेशन कार्ड. बायको गावीच राहिली आणि नवरा तेवढा सुरतेला, असं बऱ्याच घरांत असतं. तिथे तिचा अर्ज तिच्या कागदांवर वेगळा करा. खोटा रहिवासी दाखला मात्र करू नका, पुढे चौकशीत वसुली लागते. गुजरातची वृद्ध पेन्शन चालू असेल तर आधी ती बंद करून घ्या.

अर्ज सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून तहसीलला जातो. सोबत वयाचा पुरावा (काहीच नसेल तर सरकारी दवाखान्याचा वयाचा दाखला), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, आधार, पासबुक, फोटो. पोचपावतीशिवाय काउंटर सोडू नका.

वय 70 झालं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढा. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातल्या सत्तरी गाठलेल्यांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, आणि ते देशभरातल्या यादीतल्या दवाखान्यांत चालतं. म्हणजे पत्त्याचा घोळ मिटेपर्यंत थांबायची गरज नाही. चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच 3,000 रुपये मिळतात. वय 65, उत्पन्न 2 लाखांच्या आत, चौकशी समाज कल्याण कार्यालयात.

पीएफ कापला जायचा का, हेही विचारून बघा. बऱ्याच मागवाल्यांचा कधी कापलाच गेला नाही. पण प्रोसेसिंग मिलमध्ये 10 वर्षं पीएफसह नोकरी झाली असेल, तर 58 नंतर फॉर्म 10डी भरून ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन मागता येते. जानेवारी 2025 पासून ती देशातल्या कुठल्याही बँक शाखेत घेता येते, सुरतेचं खातं सांभाळत बसायला नको.

मुलं सुरतेत किंवा पुण्यात कमावती आहेत आणि पैसे पाठवत नाहीत, अशा वेळी आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहभत्त्याचा अर्ज करता येतो. आई-वडील राहतात त्या जिल्ह्यातच, वकिलाशिवाय. भत्ता महिना 10,000 रुपयांपर्यंत. सांभाळण्याच्या अटीवर शेत किंवा घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने पाठ फिरवली, तर ते हस्तांतरही रद्द होऊ शकतं. फक्त ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असू द्या. तोंडी शब्दावर सही केलेल्यांची तिथे फार दमछाक होते.

कुठे अडलं तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते, फोनला पैसे पडत नाहीत. पेन्शन सुरू झाली की दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या सुमारास सुरतेला लेकीकडे जायचं ठरवाल, तर दाखला देऊनच गाडीत बसा.