गोळी, हाडे आणि ‘ठिसूळ’ हा शब्द

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या हाडांची चर्चा वैद्यकीय नियतकालिकांत २००० च्या सुमारास सुरू झाली. पहिला संशय एचआयव्हीवरच्या प्रोटिएज इन्हिबिटर गटातल्या औषधांवर होता. २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. त्यात ६७ टक्के रुग्णांची हाडे विरळ निघाली, तर १५ टक्क्यांना थेट ऑस्टिओपोरोसिस. एका गटाला दोष देऊन भागणार नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. विषाणूमुळे धुमसत राहणारा दाह, घटलेले वजन आणि तंबाखू यांचा वाटा असतोच. शिवाय कोणतीही एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे, सुरू केली, तरी पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता २ ते ६ टक्क्यांनी उतरते.

भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. तेव्हाच्या गोळ्यांत स्टॅव्हुडीन असे. ते स्वस्त होते, पण त्याने गाल बसत आणि पायांना मुंग्या येत. चेहरा बघून गावाला कळायचे, त्यामुळे तक्रार चेहऱ्याची असायची; हाडांचे कोण विचारणार? २००९ च्या अखेरीस स्टॅव्हुडीन थांबवण्याची जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आली. पर्याय दोन होते. झिडोव्हुडीनने हिमोग्लोबिन घसरते, आणि आपल्याकडच्या बायकांत ते आधीच कमी. टेनोफोव्हिरची गोळी दिवसातून एकदाच, शिवाय ती हेपॅटायटिस बी वरही चालते. २०१३ च्या जागतिक सूचनांत टेनोफोव्हिरलाच पहिली पसंती मिळाली, आणि आपला कार्यक्रमही त्याच वाटेने गेला.

टेनोफोव्हिर हाडांवर येते, हे तेव्हा ठाऊक नव्हते असे नाही. २००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या तुलनात्मक चाचणीत मणक्याची घनता टेनोफोव्हिरवर २.२ टक्के, तर स्टॅव्हुडीनवर १ टक्का घटली होती. माझ्या मते टेनोफोव्हिरची निवड बरोबरच होती. पण मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची तपासणी ठरली, हाडांसाठी तसे काहीच ठरले नाही.

खरा घोळ आहे तो ‘ठिसूळ’ या शब्दात. मराठीत दोन वेगळ्या आजारांना आपण सर्रास ‘हाडे ठिसूळ झाली’ म्हणतो. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडाचा मालच कमी होतो. जे उरते ते ठीक असते, पण विरळ. ऑस्टिओमलेशियात हाडाचा साचा असतो, पण त्यात खनिज भरत नाही, त्यामुळे हाड मऊ राहते, दुखते. टेनोफोव्हिर काहींच्या मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जाऊ देते, आणि त्यातून होतो तो हा दुसरा आजार. त्यात आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी, आणि टेनोफोव्हिरच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या एफाव्हिरेन्झ या औषधाने ते आणखी घटते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्राला हा भेद कळत नाही. दोन्ही आजारांत आकडा खालीच येतो. बरे, तो आकडा म्हणजे टी-स्कोअर; त्याचा निकष १९९४ मध्ये ठरला तो पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी आणि तरुण गोऱ्या स्त्रियांशी तुलना करून. पन्नाशीच्या आतल्यांसाठी झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या लोकांशी केलेली तुलना, पाहायचा असतो. तरीही पस्तिशीतल्या माणसाच्या रिपोर्टवर ‘ऑस्टिओपेनिया’ (घनता थोडी कमी) छापून येते आणि तो धास्तावतो. रक्तातले फॉस्फेट व अल्कलाइन फॉस्फेटेज या दोन साध्या तपासण्या वाट दाखवू शकतात. त्या न करता बिस्फॉस्फोनेट हे ऑस्टिओपोरोसिसवरचे औषध सुरू करणे म्हणजे मऊ हाडावर चुकीचा इलाज.

नंतरच्या घडामोडी झपाट्याने आल्या. २०१५ मध्ये एका चाचणीत टेनोफोव्हिर-एफाव्हिरेन्झ सुरू करतानाच काहींना रोज ४००० युनिट ड जीवनसत्त्व आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले गेले. ४८ आठवड्यांत त्यांच्या खुब्याची घनता सुमारे दीड टक्का घटली, इतरांची सव्वातीन टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत टेनोफोव्हिरचा नवा प्रकार, टीएएफ, बाजारात आला. त्यात रक्तातले टेनोफोव्हिर सुमारे ९० टक्क्यांनी कमी राहते, म्हणून हाडे व मूत्रपिंड सावरतात. वजन आणि कोलेस्टेरॉल मात्र वाढू शकते. क्षयाच्या रिफॅम्पिसिनशी त्याचे जमत नाही, ही आपल्याकडची मोठी अडचण. नंतर डोल्युटेग्रॅव्हिर हे नवे औषध आले आणि एफाव्हिरेन्झ मागे पडले. पण त्या एकत्र गोळीत जुने टेनोफोव्हिर आजही आहेच. पहिले उपचार निकामी ठरल्यावरच्या दुसऱ्या लाइनमध्ये ते रिटोनाव्हिर या प्रोटिएज इन्हिबिटरसोबत दिले, की त्याची रक्तातली पातळी आणखी चढते.

२००४ मध्ये तिशीत असताना उपचार सुरू केलेल्या बायका आता पन्नाशीत आहेत. त्यांची पाळी थांबते आहे, आणि गोळीत टेनोफोव्हिर आहे.