माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरातल्या मारहाणीला स्वतंत्र नाव फार उशिरा मिळालं. त्याआधी होतं ते ‘नांदणं’. नवऱ्यानं हाकलली तरी ‘ती नांदत नाही’, जीव मुठीत धरून तीच निघून आली तरी ‘नांदत नाही’. क्रियापद बाईचं, म्हणून खोटही बाईचीच. कानडी शेजारणीचं फार वेगळं नव्हतं. तवरूमने (माहेर) आणि गंडनमने (नवऱ्याचं घर), घरं दोनच.

तोडगा म्हणजे पंच. भावानं चार शहाणी माणसं घेऊन जायचं, देवळात बैठक घालायची, ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं जावयाकडून वदवून घ्यायचं आणि लेकीला परत धाडायचं. काही जातींत काडीमोड (फारकत) आणि पाट (पुनर्विवाह) होते. स्वतःला वरच्या म्हणवणाऱ्यांत तेवढीही सोय नव्हती.

बेळगाव मुंबई प्रांतात असल्यानं १९४६ चा द्विभार्याप्रतिबंधक कायदा आणि १९४७ चा हिंदू घटस्फोट कायदा इथे लागू झाले. देशभरचा हिंदू विवाह कायदा यायला १९५५ उजाडलं. त्यातही नुसत्या छळावरून घटस्फोट मिळत नव्हता, फक्त विभक्त राहता येई. छळ हे घटस्फोटाचं कारण झालं ते १९७६ च्या दुरुस्तीनं.

मधल्या काळात नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून अख्खा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. सीमाप्रश्नावर आपण ढीगभर लिहिलं, पण ही रेघ सोयरिकींच्या मधून गेली, याकडे कमीच पाहिलं. खानापूरची लेक चंदगडला दिलेली, गडहिंग्लजची निपाणीला आलेली. एका दिवसात माहेर आणि सासर यांचे पोलीस वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, कागदाची भाषाही पुढे वेगळी झाली.

१९८० च्या आसपास निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायका सुभाष जोशींच्या संघटनेत एकवटल्या. लढाई मालकांशी होती, नवऱ्यांशी नव्हे. तरी चारचौघांत उभं राहून बोलायची सवय मला इथे मोलाची वाटते.

१९८३ मध्ये दंडसंहितेत नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाला गुन्हा ठरवणारं कलम ४९८ अ आलं (१ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ८५ आणि ८६). पण ही फौजदारी वाट. नवरा आत गेला तर चूल कशी पेटायची, या प्रश्नाशी अनेकजणी अडत. २००५ चा, पण २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा दुसऱ्या बाजूनं आला. राहत्या घरातून हुसकायचं नाही, खर्च द्यायचा, जवळ फिरकायचं नाही, असे आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतो. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमले गेले. कर्नाटकात तालुक्याला हे काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे, म्हणजे अंगणवाड्या पाहणाऱ्या कचेरीकडेच आहे. एका अर्थी बरंच झालं: पोलीस ठाण्याची पायरी चढायला कचरणारी बाई अंगणवाडीत रोज जातेच. पण पोषण आहाराच्या हिशेबात बुडालेल्या माणसाच्या टेबलावर हे आणखी एक काम येऊन पडलं, हेही खरं.

राज्याची ‘सांत्वन’ योजना त्याआधीची, २०००-०१ ची; समुपदेशन आणि तात्पुरता आसरा स्वयंसेवी संस्थांमार्फत. नाव मराठी कानाला जरा खटकतं, आपण सांत्वनाला जातो ते कुणी गेल्यावर. २०१५ पासून केंद्राची ‘सखी’ वन स्टॉप सेंटरं (सगळी मदत एकाच ठिकाणी) आली, त्यांच्या जोडीला १८१ ही हेल्पलाइन. वकिलासाठी तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं उत्पन्न न पाहता प्रत्येक बाईला मोफत मदतीचा हक्क दिलेला आहे.

सीमेवरचा खरा पेच मात्र ‘तक्रार कुठं?’ हा. मार बेळगावात खाल्ला, आसरा चंदगडला घेतला, तर चंदगडचं ठाणं बेळगावकडे बोट दाखवी. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याच्या २७ व्या कलमात, बाई तात्पुरती जिथं राहते तिथलं न्यायालयही चालतं आणि तिथला आदेश देशभर लागू होतो. ४९८ अ बाबत ही मोकळीक सर्वोच्च न्यायालयानं ९ एप्रिल २०१९ ला स्पष्ट केली: छळ झाल्यावर बाईनं जिथं आसरा घेतला, तिथंही खटला चालू शकतो.

राहिली भाषा. इकडे जबाब कानडीत लिहिला जातो. फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवावी असं कायदा सांगतो. मराठीच समजणाऱ्या बाईला ती मराठीत समजावून मागता येते, अंगठा उठवण्याआधी.