सिग्नल प्रोसेसिंगमधील नव्या पद्धतीचे पेटंट: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

ईसीजीच्या आलेखात वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघर मिसळते. ती गाळताना हृदयाच्या मूळ लहरींचा आकार न बिघडवणारा नवा फिल्टर एखाद्या संशोधकाने तयार केला, तरी पेटंटच्या वाटेवर पहिला अडसर पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३(के) चा असतो. गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम यांना या कलमाने पेटंट नाकारले आहे. मात्र शोधाचा तांत्रिक परिणाम दाखवता येत असेल, तर केवळ तो प्रोग्रॅमवर आधारलेला आहे म्हणून पेटंट नाकारता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून समीकरणे विवरणात (शोधाच्या लेखी वर्णनात) जरूर द्यावीत, पण दावा, म्हणजे ज्यावर हक्क मागायचा तो भाग, इलेक्ट्रोडकडून सिग्नल घेऊन स्वच्छ आलेख देणाऱ्या यंत्रणेचा करावा. ‘हृदयविकाराचे निदान करण्याची पद्धत’ असा दावा केल्यास निदानाच्या पद्धतींना पेटंट नाकारणारे कलम ३(आय) आडवे येते, हेही विसरू नये.

अर्ज खरा व पहिला संशोधक किंवा त्याने हक्क सोपवलेली व्यक्ती वा संस्था करू शकते. महाविद्यालयाच्या नावे अर्ज असल्यास विद्यार्थी-संशोधकांचे हक्क सोपवल्याचे लेखी पत्र आधीच घेतलेले बरे. पदवी मिळाल्यानंतर सह्यांसाठी माणसे शोधत फिरावे लागते. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदारांसाठी मुंबईचे पेटंट कार्यालय आहे, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो.

फॉर्म १ हा अर्ज, फॉर्म २ मध्ये विवरण, फॉर्म ३ मध्ये परदेशी अर्जांची माहिती, फॉर्म ५ मध्ये संशोधकांविषयीचे घोषणापत्र आणि एजंट नेमला असल्यास फॉर्म २६ लागतो. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग व शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये, इतरांना ८,००० रुपये आहे. सवलतीसाठी व्यक्तीखेरीज बाकीच्यांनी फॉर्म २८ जोडावा. ३० पानांपुढील प्रत्येक पानाला आणि १० दाव्यांपुढील प्रत्येक दाव्याला वेगळे शुल्क पडते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते शोधनिबंध आधी छापल्याने. कलम ३१ मध्ये विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे आणि युरोपात चालत नाही. परिषदेची तारीख जवळ आली असेल, तर आधी तात्पुरते विवरण दाखल करून पेटंट अर्जाची तारीख पक्की करावी आणि १२ महिन्यांच्या आत संपूर्ण विवरण द्यावे.

अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणी मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी फॉर्म १८ भरावा लागतो, आणि १५ मार्च २०२४ पासूनच्या सुधारित नियमांनुसार नव्या अर्जांना त्याची मुदत ४८ ऐवजी ३१ महिने झाली आहे. तपासणी अहवालातील आक्षेपांची पूर्तता ६ महिन्यांत करावयाची असून, शुल्क भरून आणखी ३ महिने मागता येतात. ही मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते.