जड आहे म्हणून हलणार नाही? ट्रेलरवरच्या ट्रॅक्टरचं भौतिकशास्त्र

ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवला, हँडब्रेक ओढला, वरून एक दोर टाकून आवळला आणि गाडी रस्त्याला लागली. या घाईमागे एक पक्की समजूत असते: एवढं दोन टनांचं धूड, ते कुठे जातंय! ही समजूत चुकीची आहे आणि जीवघेणी आहे. ती का चुकते, हे शाळेत शिकलेल्या नियमांवरूनच दाखवता येतं.

१६९९ मध्ये गियोम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने घर्षणाचा नियम मांडला. वस्तूचा खालच्या पृष्ठभागावरचा दाब जितका जास्त, तितकं घर्षण जास्त. वजन दुप्पट, तर घर्षणही दुप्पट. इथपर्यंत ‘जड वस्तू हलत नाही’ हे बरोबरच वाटतं. पण त्याआधी, १६८७ मध्ये, न्यूटनने गतीचे नियम लिहून ठेवले होते. त्यांनुसार दुप्पट वस्तुमान थांबवायला बलही दुप्पट लागतं. म्हणजे वजनामुळे धरून ठेवणारं बल ज्या पटीने वाढलं, त्याच पटीने थांबवण्यासाठी लागणारं बलही वाढलं. समीकरणात वस्तुमान दोन्हीकडून कटतं. मागे उरतात दोनच गोष्टी: घर्षणांक (म्हणजे घर्षण दाबाच्या किती पट, तो आकडा) किती आणि ब्रेक किती जोरात लागला. तळ सारखाच असेल, तर ५०० किलोचं खोकं आणि ५,००० किलोचं यंत्र एकाच ब्रेकला घसरायला लागतात.

ब्रेक किती जोरात लागू शकतो? रस्त्यावरची मालवाहतूक सुरक्षित करण्याचे हिशोब मांडताना युरोपातलं ईएन १२१९५-१ हे मानक पुढच्या दिशेला ०.८ जी धरतं, बाजूला आणि मागे ०.५ जी. जी म्हणजे गुरुत्वत्वरण. सोप्या भाषेत, २,००० किलोचा ट्रॅक्टर अचानक ब्रेक लागल्यावर १,६०० किलो वजनाइतक्या बलाने पुढे जाऊ पाहतो, आणि वळणावर १,००० किलोच्या बलाने बाहेर. वळणाचा आकडा फुगवलेला वाटतो का? ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं, तर ०.४ जीच्या वर मजल जाते. त्यात काही विशेष वेगही नाही.

आता घर्षण. रबरी टायर आणि कोरडा, स्वच्छ तळ यांच्यात घर्षणांक ०.६च्या आसपास सहज मिळतो. पाणी, चिखल, तेल, बारीक वाळू यांतलं काहीही मध्ये आलं की तो झपाट्याने उतरतो. म्हणून ट्रॅक्टर चढवण्याआधी तळ झाडून घेणं आणि चाकांना चिकटलेली माती काढणं हे काम सुरक्षिततेचंच आहे. त्यातही मेख अशी की बहुतेक ट्रॅक्टरांचा हँडब्रेक मागच्या चाकांनाच धरतो; पुढची चाकं मोकळी फिरतात. आणि ब्रेक लागल्यावर भार सरकतो पुढे. ट्रॅक्टरचा ६० टक्के भार मागच्या चाकांवर आहे, दोन्ही आसांमधलं अंतर २ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य ०.८ मीटर उंचीवर आहे असं धरलं, तर ०.८ जीच्या धक्क्यात मागचा जवळपास निम्मा भार पुढच्या, म्हणजे न धरलेल्या चाकांवर जातो. ज्या चाकांच्या भरवशावर आपण निघालो, तीच नेमक्या वेळी हलकी होतात. भरीला रस्त्यातले खड्डे आहेत. ट्रेलर खड्ड्यात खाली जातो त्या क्षणी चाकांचा तळावरचा दाब खूप कमी होतो आणि त्याबरोबर घर्षणही जातं.

म्हणून साखळी किंवा पट्टा हवा, हे सगळेच मान्य करतील. पण तो कसा लावायचा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक लोकांना सांगितला जात नाही याची मला खरोखर काळजी वाटते.

एक पद्धत म्हणजे वरून आडवा पट्टा टाकून आवळणं. हा पट्टा ट्रॅक्टरला मागे ओढत नाही. तो फक्त खाली दाबतो आणि दाबामुळे घर्षण वाढतं. पट्ट्यावर ‘२,५०० किलो’ असं लिहिलेलं असतं, पण ती झाली त्याची सहनशक्ती. हाताने रॅचेट (दातेरी आवळा) फिरवून त्यात प्रत्यक्षात ताण येतो साधारण ३०० किलोचा. दोन्ही बाजू मिळून ६०० किलोचा दाब. पुढची चाकं मोकळी आहेत हे लक्षात घेऊन घर्षणांक ०.३ धरला, तर या पट्ट्यामुळे मिळालेलं जादा घर्षण होतं १८० किलो! ट्रॅक्टरचं स्वतःचं ६०० किलो त्यात मिळवलं तरी गरज १,६०० किलोची आहे. असे सहा पट्टे लागतील, आणि तेही कुठेही सैल न पडता.

दुसरी पद्धत थेट बांधण्याची. ट्रॅक्टरच्या मागच्या भक्कम भागातून दोन साखळ्या मागे, ट्रेलरच्या दोन कोपऱ्यांकडे न्यायच्या. पुढच्या भागातून दोन पुढच्या कोपऱ्यांकडे. ट्रॅक्टर पुढे सरकू पाहतो तसा मागच्या साखळ्यांतला ताण आपोआप वाढतो, थेट त्यांच्या पूर्ण क्षमतेपर्यंत. आपण किती जोर लावून आवळलं यावर हे अवलंबून राहत नाही. वरच्याच उदाहरणात घर्षणानंतर उरलेले १,००० किलो दोन साखळ्यांनी वाटून घ्यायचे. साखळी तळाशी ४५ अंश आणि ट्रेलरच्या लांबीशीही ४५ अंश करत असेल, तर तिच्या ताणाचा बरोबर निम्मा भाग मागच्या दिशेला कामी येतो. म्हणजे प्रत्येकीत १,००० किलोचा ताण. वाहतुकीसाठी बनवलेल्या ग्रेड ७०च्या ८ मिलिमीटरच्या साखळीची सुरक्षित कार्यक्षमता सुमारे २,१०० किलो असते आणि ती तुटते त्याच्या चौपट ताणावर. काम भागतं, हातात राखूनही उरतं.

कोनाकडे मात्र नीट पाहायला हवं. साखळी जवळजवळ उभी लावली, तर ती पुन्हा फक्त दाबण्याचंच काम करते. अगदी आडवी आणि लांबीला समांतर लावली, तर पुढे-मागे छान धरते, पण बाजूला काहीच धरत नाही. मधला कोन घेतला की तिन्ही दिशांना थोडं थोडं बल मिळतं. बांधायच्या जागा आणि कोपरे एकाच रेषेत येत असतील, तर साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून न्याव्यात. आडवं बल त्यातून मिळतं. अमेरिकेतल्या मालवाहतूक नियमांत सुमारे ४,५०० किलो आणि त्याहून जड यंत्रांना किमान चार स्वतंत्र बंध सक्तीचे आहेत. माझ्या मते ट्रॅक्टर लहान असला तरी चाराच्या खाली येऊ नये, कारण एक बंध सुटला तरी बाकीच्यांनी वेळ निभावली पाहिजे.

हुक अडकवायचा कुठे? चॅसिस, मागच्या आसाचं कवच, ड्रॉबारचा आधार, कंपनीने दिलेल्या बांधायच्या कड्या. स्टिअरिंगचे दांडे, हायड्रॉलिकचे पाइप, पायरी, बंपरचा पत्रा यांना कधीच नाही. पुढचा आस बऱ्याच ट्रॅक्टरांत मधल्या खिळीवर डोलतो, हेही ध्यानात असू द्या: फक्त त्यालाच बांधलं तर वरचं धड हलायला मोकळं राहतं. लोडर किंवा मागचं अवजार तळाला टेकेपर्यंत खाली घ्यायचं आणि वेगळं बांधायचं. हायड्रॉलिकच्या जोरावर वर धरलेलं अवजार तेल झिरपून हळूहळू खाली येतं आणि बांधणीचा सगळा हिशोब बिघडवतं.

टायरचीही एक खोड आहे. हवेने भरलेला टायर म्हणजे स्प्रिंगच. खड्ड्यात तो दबतो, साखळी क्षणभर सैल पडते, आणि उसळताना तिला हिसका बसतो. हा हिसका संथ ताणापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. म्हणून साखळी आवळताना टायर किंचित दबेपर्यंत आवळतात. पॉलिएस्टरचा पट्टा वापरत असाल, तर तो पूर्ण क्षमतेच्या ताणाला ७ टक्क्यांपर्यंत लांबू शकतो; जड यंत्राला मी साखळीच निवडेन. पट्ट्याला गाठ मारू नये, धारदार कडेवरून नेऊ नये. दोन्हींमुळे त्याची ताकद बरीच घटते.

बांधणी उत्तम झाली तरी ट्रॅक्टर चुकीच्या जागी उभा असेल, तर सगळं फुकट. मधोमध आस असलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या हिचवर (जोडणीवर) यावा लागतो. भार मागे गेला की ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. एका ठरावीक वेगाच्या वर हे डुलणं आपोआप विझत नाही, उलट दर हेलकाव्याला वाढत जातं. फरक किती छोटा असतो पाहा: ट्रेलर १,००० किलोचा, ट्रॅक्टर २,००० किलोचा, हिचपासून आसापर्यंत ४ मीटर. ट्रॅक्टर नुसता २० सेंटिमीटर मागे राहिला, तर हिचवरचा भार १०० किलोने कमी होतो. ३००चे २०० झाले की सुरक्षित ट्रेलर डुलणारा होऊ शकतो. डुलायला लागलाच, तर वेग वाढवू नये, स्टिअरिंग झटकू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, आणि ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर तो हलकेच लावावा.

वेगाबद्दल एकच आकडा पुरे. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रॅक्टरमधली गतिज ऊर्जा तो १४ मीटर उंचीवरून पडल्यावर मिळेल तेवढी असते. ताशी ८०ला ही उंची २५ मीटर होते.

निघण्याआधी ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांपुढे-मागे ठोकळे. बॉनेटची कडी बघावी. टर्बो इंजिन असेल आणि पल्ला लांबचा असेल, तर सायलेन्सरचं तोंड झाकावं. वाऱ्याने टर्बोची पाती फिरत राहतात, आणि इंजिन बंद असल्याने त्यांच्या बेअरिंगला तेल मिळत नाही. पहिल्या काही किलोमीटरांतच साखळ्या जागेवर बसतात आणि सैलावतात, त्यामुळे लवकर एकदा थांबून त्या पुन्हा आवळाव्यात. अमेरिकी नियमांत ही पहिली तपासणी ८० किलोमीटरच्या आत करायला सांगितली आहे. मला तेवढं थांबणंही जास्त वाटतं.

उतरवताना क्रम उलटा. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच हवा, कारण ट्रॅक्टर मागच्या टोकाला आला की ट्रेलरचं पुढचं टोक उचललं जातं. साखळी तरफेने आवळली असेल, तर दांडा सोडताना त्याच्या वाटेत तोंड किंवा हात नको. ताणात साठलेली सगळी ऊर्जा तो एका झटक्यात परत देतो. रॅचेटवाला आवळा हाच ताण एकेका दात्याने उतरवतो, म्हणून शक्य तिथे तोच घ्यावा.